पऱ्हाटीचा कोळसा

संपादकांचं पत्र आलं. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'टाकाऊतून टिकाऊ' असा आहे, खानदेशात पऱ्हाटीपासून कोळसा करणारा माणूस म्हणून तुमचं नाव कोणीतरी सुचवलं आहे, तरुणांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिहा, असा मजकूर होता. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला तेव्हा म्हणालो, लिहितो, पण जसं झालं तसं लिहीन. प्रेरणेचं तुमचं तुम्ही बघा.

ज्यांनी कापसाचं शेत फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगतो. कापूस वेचून संपला की शेतात झाडाचा वाळका सांगाडा उभा राहतो. छातीएवढा, काटकुळा, काळपट. ती पऱ्हाटी. ती उपटल्याशिवाय पुढचं पीक घेता येत नाही. आणि बोंडअळी तिच्यातच दडून राहते, म्हणून कृषी खात्याची माणसं सांगायची, उपटा आणि जाळा.

मी तेव्हा अमळनेरला एका तेलाच्या गिरणीत बॉयलरवर होतो. डिप्लोमा झालेला, अंगात रग. बॉयलरला रोज ट्रकभर लाकूड लागायचं. ते कुठून येतं हे विचारायचं नसतं, एवढं मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं. ओंडक्यांना कधीकधी पक्ष्याचं घरटं तसंच अडकून आलेलं असायचं. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये धुळ्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांधाबांधावर पऱ्हाट्या पेटलेल्या दिसायच्या. एकीकडे जंगल तोडून जाळायचं आणि दुसरीकडे लाकूडच नुसतं धूर करून उडवायचं. हा हिशेब मला सहन होईना. नव्वदच्या आसपास मी नोकरी सोडली. आम्ही चार मित्रांनी संस्था काढली आणि पारोळ्याच्या बाजूला एका गावालगत शेड उभारली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

काम ऐकायला सोपं होतं. पऱ्हाटी वाळवायची, तिची कुट्टी करायची, कुट्टीचा भुसा करायचा आणि तो भुसा मशीनमध्ये दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या काढायच्या. याला कांडी कोळसा म्हणतात. यात डिंक, चिकणमाती काही घालावं लागत नाही. लाकडाच्या अंगातच एक चीक असतो. दाबून तापवला की तो सुटतो आणि भुशाला धरून ठेवतो. शेंगांची टरफलं मिळाली तर आणखी चांगलं. भुसा कोरडा मात्र हवा. थोडा जरी ओला राहिला तरी आत वाफ कोंडते आणि मशीनच्या तोंडातून कांडीऐवजी तोफेचा गोळा सुटतो. आमच्या शेडच्या समोरच्या भिंतीला पहिल्या वर्षात तीन भोकं पडली होती.

मशीन धुळ्याच्या युसूफभाईंनी बनवलं. आग्रा रोडला त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. पऱ्हाटीबरोबर शेतातली रेती येते आणि ती मशीनमधला भुसा पुढे ढकलून दाबणारा स्क्रू खाते. दर दोन दिवसांनी मी झिजलेला स्क्रू पोत्यात गुंडाळून एसटीने धुळ्याला न्यायचो. युसूफभाई त्याच्यावर वेल्डिंगचा थर चढवत म्हणायचे, "इंजिनेर, तेरी मशीन पऱ्हाटी कम खाती, मेरेकू जादा खाती." पण वर्षभर डोकं घालून त्यांनीच स्क्रूच्या टोकाला असा काही थर बसवला की तो आठवडाभर टिकायला लागला. मोठ्या कारखान्यांचे लोक येऊन विचारून गेले, यात काय घातलंय म्हणून. युसूफभाईंनी सांगितलं नाही. मलाही सांगितलं नाही.

माल खपवणं त्याहून अवघड. जळगावच्या एका डाळ मिलचे मालक कांडी नाकाजवळ धरून म्हणाले, "वास तर भाजलेल्या दाण्यासारखा येतो. चुकून डाळीत पडली तर गिऱ्हाईक खाईल." त्यांच्या बॉयलरवरचा फायरमन तर हातच लावेना. तीस वर्षं लाकूड टाकलेला माणूस. म्हणाला, "मला लाकडाची जात आवाजावरून कळते. ही बिस्किटं तुम्हीच भरवा." मी शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि सबंध पाळी बॉयलर स्वतः चालवला. प्रेशरचा काटा हलला नाही. पाळी संपल्यावर फायरमन जवळ आला, राख हातात घेऊन चोळली आणि म्हणाला, "राख कमी आहे." बस, एवढंच. त्या तीन शब्दांनी मला त्या मिलची वर्षाची ऑर्डर मिळाली. पुढचं सगळं माहीत असूनही आज त्या दिवसाचा मला अभिमान वाटतो, हे खोटं कशाला बोलू?

शेडवर गावातल्या अठरा बायका कामाला होत्या. त्यांची मुकादम म्हणावी अशी केसरअक्का. बौद्धवाड्यातली, पन्नाशीची, नवरा वारलेला, मुलगा आणि सून मंगल यांच्यासोबत राहणारी. मंगलही त्या अठरा जणींत होती. आम्ही ओल मोजायचं यंत्र आणलं होतं. अक्का पऱ्हाटीची काडी कानाजवळ धरून मोडायच्या आणि सांगायच्या, "भाऊ, आज नही. परोनदिन." म्हणजे परवा. यंत्रही तेच म्हणायचं, पण अक्कांच्या नंतर. पुढे यंत्र बिघडलं तेव्हा दुरुस्तीला पाठवलंच नाही.

अक्कांचं आणि माझं चांगलं जमायचं. डबा खाताना त्या मला मिरचीचा ठेचा द्यायच्या आणि मी त्यांना भुशाचं, दाबाचं, चिकाचं शास्त्र सांगायचो. त्या लक्ष देऊन ऐकायच्या. ऐकताना त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल, हे मला तेव्हा कधी सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मुंबईहून पाहुणे आले. एका संस्थेला आमच्या कामाची पुस्तिका काढायची होती. त्यांनी फोटो काढले, कांड्या हातात घेऊन पाहिल्या. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही सुरू करण्याआधी लोक या पऱ्हाटीचं काय करायचे?"

मी म्हणालो, "काही नाही. कचराच तो. जाळून टाकायचे, फेकून द्यायचे."

त्यांनी ते लिहून घेतलं. अक्का चार हातांवर कुट्टी भरत होत्या. पाहुण्यांची जीप गेली तेव्हा त्या पाटी खाली ठेवून माझ्याकडे आल्या.

"भाऊ, कोन फेकस पऱ्हाटी?"

"म्हणजे?"

"आम्ही फुकट उपटी देत व्हतूत. मजुरी नही लेत व्हतूत, पऱ्हाटी लई जात व्हतूत. वावर त्यासनं, जळतन आमनं. बठ्ठा पावसाया त्यानावर निंघे."

मी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. गोष्ट अशी होती. ज्यांना स्वतःचं शेत नाही त्या बायका फाल्गुन-चैत्रात शेतकऱ्याची पऱ्हाटी उपटून द्यायच्या. त्याचे पैसे कोणी द्यायचं नाही, कोणी मागायचं नाही. उपटलेली पऱ्हाटी त्यांची. डोक्यावर भारे वाहून त्या घरामागे रचायच्या, आणि चार महिने पाऊस असला तरी चूल पेटायची. बांधावर पेटलेली जी मी एसटीतून पाहायचो ती उरलीसुरली, मोठ्या शेतकऱ्यांची, गावापासून लांबची. गावाजवळच्या पऱ्हाटीची काडीसुद्धा वाया जात नव्हती. तिला भाव नव्हता एवढंच. आणि ज्याला भाव नाही ते फुकट जातंय, असं मी समजून बसलो होतो. आम्ही पऱ्हाटी विकत घ्यायला लागलो आणि शेतकरी ती द्यायचे बंद झाले. त्यांचं तरी काय चुकलं? आमचा सगळ्यात मोठा पुरवठादार धनराज आप्पा. त्यांना मी विचारलं तर ते हसून म्हणाले, "साहेब, किंमत तुम्हीच लावली. आता माझ्या शेतातलं मी कसं सोडू?"

अक्कांना मी काय उत्तर दिलं, ते इथे लिहायला हवं. मी म्हणालो, "अक्का, पण आता तुम्हाला इथे रोजगार मिळतो ना? त्यातून रॉकेल घ्या." आणि जळगावच्या मिलचा ट्रक यायचा होता म्हणून मी वजनकाट्याकडे गेलो. अक्का परत आपल्या जागी गेल्या. मग पाटी उचलून कामाला लागल्या.

अठरा जणींना रोजगार होता हे खरं. गावात बिनशेतीची घरं त्याच्या कितीतरी पट होती. आणि आमच्याकडचं कामही पावसाळ्यात बंद. भुसा वाळत नाही, मशीन थंड. म्हणजे जेव्हा घरात जळण नाही तेव्हाच हातात मजुरीही नाही. हे गणित काही अवघड नव्हतं. बॉयलरमध्ये किती लाकूड गेलं आणि किती वाफ निघाली हे मी तोंडी सांगायचो. हे मात्र मांडलंच नाही, कारण उत्तर काय येईल ते मला दिसत होतं.

त्या पावसाळ्यात शेडच्या आवारातून पऱ्हाटी जायला लागली. आम्ही दिवाळीनंतरच्या हंगामासाठी मोठ्या गंज्या रचून ताडपत्री घालून ठेवल्या होत्या. रोज एका बाजूने थोडी थोडी कमी दिसायची. मी काटेरी तार मारून घेतली आणि शेजारच्या तालुक्यातला एक वॉचमन ठेवला. त्याला स्पष्ट सांगितलं, आत कोणी दिसलं तर सोडायचं नाही.

श्रावणातला दिवस होता. मी दुपारच्या गाडीने धुळ्याहून आलो तर फाटकाशी गर्दी. आत वॉचमनने एका बाईला जमिनीवर बसवून ठेवलं होतं. पुढ्यात पऱ्हाटीचा भारा. दोन हातांत मावेल एवढा. सकाळपासून बसवलेली. येणारा-जाणारा तारेतून बघत होता, पोरं हसत होती, पावसाची झड येऊन गेली तरी त्याने तिला उठू दिलं नव्हतं. ती मंगल होती, अक्कांची सून. तिला पाचवा महिना होता.

अक्का फाटकाबाहेर उभ्या होत्या. मी आल्यावर गर्दी बाजूला झाली. मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण सगळं गाव बघत होतं, वॉचमन 'साहेब, रंगे हाथ पकडलं' म्हणत होता, आणि लाजेचा राग व्हायला वेळ लागत नाही. मी मंगलला उठवलं, वॉचमनला दोन शब्द सुनावले. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अक्का, तुमच्याच घरातून चोरी होणार असेल तर हंगाम सुरू झाल्यावर तुम्ही दोघी कामावर येऊ नका."

अक्कांनी मंगलचा हात धरला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "येत नही भाऊ. पन चोरी कोनी करी, ते तरी सांगा."

भारा तिथेच राहिला. वॉचमनने तो उचलून परत गंजीवर टाकला. मी बघत होतो.

हंगाम सुरू झाला, दोघी आल्या नाहीत. बाकीच्या सोळा जणी आल्या. त्यांना यावंच लागणार होतं. पण डबा खायला त्या माझ्यापासून लांब, पिंपळाखाली बसायला लागल्या. एकीनेही कधी टोमणा मारला नाही. त्याच्यापेक्षा टोमणे परवडले असते.

मी भरपाई करायचा प्रयत्न केला. चार पोती कांड्या बैलगाडीत घालून बौद्धवाड्यात आणि भिल्ल वस्तीत घरोघर वाटल्या. मनात होतं, पऱ्हाटी घेतली तर त्याहून सरस जळण देतो. आठ दिवसांनी अक्कांनी त्यांच्या वाट्याच्या कांड्या एका नातेवाइकाच्या सायकलवर परत पाठवल्या. मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. शेजारच्या दारातून धूर लोटत होता. शेजारणीने तिच्या वाट्याची कांडी चुलीत घातली होती. कांडीला झडपेतून वारा लागतो, जाळी लागते, खाली राख पडायला जागा लागते. मातीच्या चुलीत ती नुसती धुमसते. बॉयलर चालवणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं.

अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, हाई तुमना बॉयलरनं खानं शे. आमना चुल्हाले पचत नही."

मी जाळीची लोखंडी चूल बनवायला घेतली. युसूफभाईंनी दोन नमुने करून दिले, फुकट. तिसरा करायचा राहिला, कारण तोवर आमच्याच पायाखालची जमीन सरकायला लागली होती. पऱ्हाटीला भाव आहे ही बातमी आम्हीच पसरवली होती. पुस्तिका निघाली होती, तिच्यात माझा फोटो होता. गुजरातकडच्या कारखान्यांचे दलाल खानदेशात उतरले. त्यांना पार्टिकल बोर्डासाठी पऱ्हाटी हवी होती आणि त्यांची ऐपत आमच्या दहापट. धनराज आप्पा एका सकाळी शेडवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "साहेब, तुमची माणसं चांगली आहेत. पण ते शेतातून उचलून नेतात आणि भाव जास्त देतात." मी त्यांना म्हणालो, आपण हे जंगल वाचवण्यासाठी करतोय. आप्पा म्हणाले, "ते बरोबर आहे." आणि गेले.

दोन हंगाम आम्ही शेंगांच्या टरफलांवर रेटले. मग बंद केलं. मशीन भंगारात गेलं. स्क्रू युसूफभाईंनी काढून घेतला, म्हणाले, "ये मेरा है." मी धुळ्याला एका सूतगिरणीच्या बॉयलरवर परत नोकरीला लागलो. तिथे लाकूडच जळायचं. ते कुठून येतं, मी विचारलं नाही.

एक भाबडी समजूत मात्र मनात राहिली होती. आम्ही बंद पडलो, तर निदान पऱ्हाटी तरी परत त्या बायकांकडे गेली असेल. दोनेक वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, सूतगिरणीच्या कामाने पारोळ्याला गेलो होतो. परतताना त्या फाट्यावर उतरलो. शेडचे पत्रे कोणी काढून नेले होते. गावात शिरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा घरांच्या मागच्या बाजूने चालत गेलो. आठ-दहा घरांमागे थोड्या बाभळीच्या फांद्या होत्या. पऱ्हाटी कुठेच नव्हती. दलालांचे ट्रक अजून येत होते. मी गेलो होतो, मी लावलेला भाव गेला नव्हता.

अक्का घरी होत्या. थकल्या होत्या, पण ओळखलं लगेच. "या भाऊ, बसा." भिंतीवर बुद्धाच्या चित्राचं कॅलेंडर होतं, त्याच्याखाली एक चार वर्षांचा मुलगा पाटीवर रेघोट्या ओढत बसला होता. मंगलचा. मंगल निंदणीला गेली होती. ते एक बरं झालं. तिच्यासमोर बसायची माझी हिंमत झाली नसती.

इकडचं-तिकडचं झालं. मग मी विचारलं, "अक्का, त्या वर्षी... त्या पावसाळ्यात चूल कशावर पेटवली?"

त्यांनी बोटांवर मोजत, बाजाराची यादी सांगावी तसं सांगितलं. "पयले बाज. मंग कोठीनं झाकन. मंग मागलं दार."

मी घराच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथे अजूनही दार नव्हतं. पोतं टांगलेलं होतं, आणि पावसाने ते खालून भिजून काळं पडलं होतं.

"अक्का, माझं चुकलं," मी म्हणालो. हे वाक्य मी एसटीत तीनदा जुळवलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मला काही धरायला तरी मिळालं असतं. म्हणाल्या, "मी तुमले सांगेल व्हतं भाऊ."

"हो."

"मंग चुकनं कसं म्हनवा?"

त्या उठल्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. खाली ओल्या बाभळीच्या काटक्या. त्या पेटेनात. अक्कांनी कोपऱ्यातून एक तुटकी स्लीपर ओढली, विळ्याने तिची पट्टी कापली आणि काटक्यांखाली सारली. काळा धूर झाला, मग जाळ धरला. पोराला खोकला आला तशी त्यांनी त्याला बाहेर पडवीत बसवलं.

चहा कपात आला. तोंडाजवळ नेताच जळक्या रबराचा वास आला, आणि घोटाघोटाला तीच चव. अक्का समोर बसून बघत होत्या. मी सगळा प्यायलो.

"आखो देऊ का थोडा?" त्यांनी विचारलं.

मी कप पुढे केला.